हळद हळदीसारखी दिसेल असा रुंद मॉनिटर सुचवा (एडिटिंगसाठी, बजेट ४० हजार)

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. मिरजेत लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो, सात वर्षं झाली. सीझनला वीस-बावीस लग्नं, मधल्या काळात दोन यूट्यूब चॅनेलांचं संकलन, आणि आता रील्सचा रतीब. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप आणि त्याला जोडलेला २१.५ इंची फुल एचडी मॉनिटर. तो मी जुना म्हणूनच विकत घेतला होता. खुर्ची जरा मागं रेलली की काळ्याचं राखाडी होतं.

गेल्या महिन्यात दोन घोटाळे झाले. पहिला हळदीच्या व्हिडिओचा. माझ्याकडं हळद फिकट दिसत होती म्हणून सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) चढवत गेलो. पार्टीनं घरी ५५ इंची टीव्हीवर लावला आणि नवरीच्या मामांचा फोन, "पोरीला हळद लावलीय का कावीळ झालीय?"

दुसरा टायटलचा. "चि. सौ. कां." मधल्या "कां"वरचा अनुस्वार द्यायचा राहिला. प्रिव्ह्यूची खिडकी एवढीशी, मला दिसलंच नाही. नवरीच्या आईला टीव्हीवर पहिल्या तीन सेकंदांत दिसलं. पेनड्राइव्ह परत आला, वर एक अल्बम फुकट गेला.

तर आता मॉनिटर घ्यायचाच. मनात ३४ इंची अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा रुंद पडदा) आहे, टाइमलाइन (क्लिप ओळीनं लावायची पट्टी) कशी लांबलचक दिसते! टेबल साडेतीन फूट रुंद, दोन फूट खोल. बजेट ३५, ताणून ४० हजार. डोळे झाकून घेऊ का?

अर्धाकप | मंगळवार, रात्री ११.५८

मामांना दंडवत!

मी कोड लिहितो, पण हौसेनं ट्रेकचे व्हिडिओ कापतो. दोन वर्षांपासून ३४ इंची, ३४४० × १४४० पिक्सेलांचा वापरतोय. एकदा वापरला की परत साध्या १६:९ वर (नेहमीच्या रुंदी-उंचीच्या पडद्यावर) जाववत नाही. टाइमलाइनवर पूर्ण गाणं एका नजरेत दिसतं, डावीकडं फुटेजचा बिन (क्लिपांची पेटी), उजवीकडं कलर, मध्ये दोन मॉनिटरांची फट नाही. घेऊन टाका.

पिक्सेलपांडू | बुधवार, सकाळी ७.१५

थांबा, थांबा. डोळे झाकून मॉनिटर घेणं म्हणजे नाक दाबून अत्तर घेण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट फूटपट्टीनं मोजू. ३४ इंची अल्ट्रावाइड साधारण ८० सेंमी रुंद आणि ३३ सेंमी उंच. २७ इंची १६:९ साधारण ६० सेंमी रुंद आणि ३३.६ सेंमी उंच. म्हणजे उंची तीच, बाजूला वीस सेंमीची ओसरी जोडलेली. इंचाचा आकडा कर्णाचा असतो, त्यामुळं "३४" ऐकून आपल्याला वाटतं ३२ पेक्षा मोठा. उंचीला तो ३२ पेक्षा चांगला सहा सेंमी कमी भरतो.

आता पिक्सेल. ३४४० × १४४० म्हणजे ४९ लाख ५३ हजार. २७ इंची ४के, म्हणजे ३८४० × २१६०, हे झाले ८२ लाख ९४ हजार. कृष्णाकाठ, तुमचा अनुस्वार कुठं हरवला ते इथं कळेल. फुल एचडी मॉनिटरवर रिझॉल्व्ह उघडलं की प्रिव्ह्यूची खिडकी सातशे-आठशे पिक्सेल रुंद उरते. तुमचं टायटल ३८४० पिक्सेल रुंदीवर मांडलेलं. ते पाचपट आक्रसून तिथं बसतं. टायटलमधला दहा पिक्सेलांचा ठिपका दोन पिक्सेलांचा होतो. तो असला काय, नसला काय, दिसणार कसा?

आणि अजून एक सापळा. ३४ इंचीतच २५६० × १०८० वाले स्वस्त मॉनिटर मिळतात. त्यांच्यात इंचाला ८२च पिक्सेल पडतात. रफार, अनुस्वार, "क्ष"चं पोट, सगळं करवतीच्या दात्यांसारखं दिसतं. तेच रिझोल्यूशन २९ इंचात ९६-९७ पडतं, ते चालून जाईल. ३४ घेणार असाल तर १४४० वालाच घ्या (इंचाला ११० च्या आसपास). २७ इंची ४के १६३.

तिरफळ | बुधवार, सकाळी ९.३०

पांडूशेटना अनुमोदन. माझे दोन पैसे, मडगावाहून.

कृष्णाकाठ यांनी रील्स लिहिलंय ते कुणी वाचलं का? रील म्हणजे १०८० × १९२० उभा. अल्ट्रावाइडची उंची १४४०. म्हणजे एवढा पैसा घालून रील तुम्हाला शंभर टक्के आकारात उभी दिसणारच नाही, आणि दोन्ही बाजूंना जागा मोकळी पडलेली. ४केच्या २१६० उंचीत अख्खी मावते, वर २४० पिक्सेल उरतात.

साधा १६:९ व्हिडिओ फुलस्क्रीन केलात तरी ३४४० मधले २५६० वापरात, डावी-उजवीकडं ४४०-४४० काळे पट्टे. सिनेमास्कोपमध्ये कापणाऱ्याला अल्ट्रावाइड शोभतो, कारण त्याचं गुणोत्तर २.३९ आहे, ते सिनेमास्कोपशी जुळतं. लग्नाच्या ट्रेलरला आपण काळे पट्टे मारून "सिनेमॅटिक" करतो तेवढ्यापुरता आनंद.

मी स्वतः वक्र, व्हीए जातीच्या पॅनेलचा अल्ट्रावाइड घेऊन वर्षभरात विकला. कंपनीचं नाव नको. काळा रंग झकास, तीन हजारास एक कॉन्ट्रास्ट. पण रात्रीच्या बीचवरच्या वेडिंगचं फुटेज, काळ्या कोटातला नवरा चालतोय, आणि त्याच्यामागून कोट शेपटीसारखा ओघळतोय! कॅमेऱ्याचा दोष समजून मी दोन दिवस नॉइज रिडक्शनशी झुंजले. व्हीएचे पिक्सेल गडद छटांतून छटांत हळू बदलतात, म्हणून तो ओघळ. सगळेच व्हीए तसे वाईट नसतात, पण दुकानात गडद फुटेज लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

अर्धाकप | बुधवार, सकाळी १०.०५

रीलचा मुद्दा मान्य, मी रील करत नाही. पण टाइमलाइनची लांबी? त्याला उत्तर नाही तुमच्याकडं.

तिरफळ | बुधवार, सकाळी १०.११

आहे की. जुना मॉनिटर फेकू नका, बाजूला लावा, बिन आणि स्कोप (रंगांचे आलेख) त्याच्यावर टाका. लांब टाइमलाइन झूम करून बघायची सवय आपल्याला आहेच. झूमची कळ झिजली तर कीबोर्ड सहाशे रुपयांत येतो. हलकेच घ्या.

जुनी_रीळ | बुधवार, दुपारी २.२०

तरुण मंडळी रुंदी-उंचीवर भांडताहेत, पण मामांच्या तक्रारीला अजून कुणी हातच लावला नाही.

मी गोरेगाव-अंधेरीच्या एडिट रूममध्ये टेपच्या काळापासून बसलेला माणूस. तेव्हा ४:३ चे सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचे मॉनिटर. सकाळी आल्यावर पहिलं काम कलर बार (तपासणीच्या रंगीत पट्ट्या) लावायचं. ब्रॉडकास्ट मॉनिटरवर "ब्लू ओन्ली" नावाचं बटण असायचं, ते दाबलं की फक्त निळी नळी चालू राहायची. मग पट्ट्यांची उजळी एकसारखी होईतो क्रोमाचा (रंगाच्या गडदपणाचा) खुंटा फिरवायचा. पाच मिनिटांचं काम. पण न करता बसलो तर सिनिअर शिव्या घालायचे, कारण चुकीच्या मॉनिटरवर केलेलं करेक्शन म्हणजे खोट्या तराजूवर तोललेलं सोनं.

कृष्णाकाठ, तुमचं नेमकं तेच झालं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून पॅनेल टीएन जातीचं असणार. टीएनचा रंग बघण्याच्या कोनाबरोबर बदलतो, वरून-खालून तर फारच. पडद्याच्या वरच्या भागातली हळद आणि खालच्या भागातली हळद तुम्हाला एका वेळीसुद्धा वेगळी दिसते. तुम्ही फिकटपणा भरून काढलात, तो फिकटपणा फुटेजमध्ये नव्हताच.

तुम्हाला हवं ते असं. पॅनेल आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारं). एसआरजीबी (संगणकाचं नेहमीचं रंगप्रमाण) ९९-१०० टक्के. टीव्ही आणि यूट्यूबच्या एचडी व्हिडिओचं प्रमाण रेक. ७०९, त्याचे लाल-हिरवा-निळा हे तीन मूळ रंग आणि ६५०० केल्विनचा पांढरा एसआरजीबीशी जुळतात, फरक गॅमाचा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात त्याचा. उजेडातल्या खोलीत काम करत असाल तर २.२ ठेवा, अंधाऱ्या ग्रेडिंग (रंग जुळवण्याच्या) रूममध्ये २.४. खोक्यावर "डेल्टा ई २ पेक्षा कमी" लिहिलंय का बघा, डेल्टा ई म्हणजे खऱ्या आणि दाखवलेल्या रंगातला फरक. कारखान्यातून तपासणीचा कागद सोबत आला तर उत्तम.

"९५ टक्के डीसीआय-पी३" वाचून हुरळू नका. तो जास्त रंग दाखवणारा पडदा. त्याला एसआरजीबी मोडमध्ये बांधून ठेवलं नाही तर हळद आधीच भडक दिसेल, तुम्ही ती उतरवाल, आणि मग मामा फोन करतील की पोरीला हळद लावलीच नाही.

आयपीएसचा काळा व्हीएइतका काळा नसतो, कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक. अंधारात कोपऱ्यांतून चमक येते. ती सवयीनं सुटते.

पिक्सेलपांडू | बुधवार, दुपारी २.४१

जुनी_रीळ काका, हा प्रतिसाद छापून लावतो. वाचनखूण साठवली.

एक भर: "एचडीआर ४००"चा (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या पडद्याचा) शिक्का बघून जादा पैसे देऊ नका. त्या श्रेणीला पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्र मंद करण्याची अट नाही. अख्खा पडदा जरा जास्त उजळतो, एवढंच. लग्नं आपण एसडीआरमध्येच (साध्या पल्ल्यात) देतो.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०.५०

काका, तराजूचं वाक्य काळजाला लागलं. पण एक शंका. गिऱ्हाईक टीव्ही "विविड" मोडवर ठेवणार, निम्मे पाहुणे मोबाइलवर बघणार. मग मी मॉनिटर बरोबर ठेवून काय उपयोग? त्यांचा चुकीचाच असणार ना?

जुनी_रीळ | गुरुवार, सकाळी ८.०५

प्रश्न रास्त आहे, तीस वर्षं सगळे हाच विचारतात. त्यांचे टीव्ही चुकीचे आहेत, पण प्रत्येकाचा वेगळ्या दिशेनं. कुणाचा निळसर, कुणाचा भडक, कुणाचा मळकट. तुम्ही मधोमध उभे राहिलात तर कुणापासूनच फार लांब पडत नाही. तुम्हीच एका टोकाला असलात तर दुसऱ्या टोकाच्या टीव्हीवर कावीळ ठरलेली. शिवाय माणसाला स्वतःच्या टीव्हीच्या रंगाची सवय असते. रोजच्या बातम्या त्याच भडक रंगात बघतो, त्याच्या शेजारी तुमचा व्हिडिओ वेगळा दिसला की खटकतं.

शेवटी एकदा स्वस्त फोनवर आणि घरच्या टीव्हीवर बघायचंच. पण ते बघून ग्रेड बदलायचं नाही, नुसतं चेहऱ्याकडं लक्ष ठेवायचं. चेहरा टिकला की हळद टिकते.

आणि भिंतीचा रंगही डोळ्याला फसवतो. तुमच्या खोलीची भिंत कुठल्या रंगाची आहे?

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ८.२०

पोपटी.

जुनी_रीळ | गुरुवार, सकाळी ८.२२

अरे देवा.

दूरदेशी | गुरुवार, सकाळी ११.१५

इथं स्टुटगार्टात पहाट आहे, झोप येत नाही म्हणून लिहितो. मॅक घेतलात तर हे सगळे प्रश्नच उरत नाहीत, रंग व्यवस्थापन यंत्रणेतच बसवलेलं आहे.

अर्धाकप | गुरुवार, सकाळी ११.२०

आला मॅकवाला. आता धाग्याचं काश्मीर होणार.

तिरफळ | गुरुवार, सकाळी ११.३१

मॅकवर क्विकटाइममध्ये बघितलं की तोच व्हिडिओ फिकट आणि रिझॉल्व्हमध्ये बघितलं की गडद, यावर लोकांनी जगभर किती रात्री जाळल्यात, ठाऊक आहे ना? तो गॅमाचा घोळ आहे. प्रश्न उरत नाहीत म्हणे.

दूरदेशी | गुरुवार, सकाळी ११.४०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

हिशेबनीस | गुरुवार, दुपारी १.००

तांत्रिक मला कळत नाही, पण बजेट म्हटलं की हात शिवशिवतात. पूर्वी ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्याला २८ टक्के, म्हणून ३४ इंची अल्ट्रावाइड कराच्या जादा दहा टक्क्यांनी अंगावर यायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यालाही १८च आहे. तेव्हा जुन्या यूट्यूब व्हिडिओंतल्या किमती प्रमाण मानू नका. कृष्णाकाठ, नोंदणी असेल तर दुकानाला तुमचा जीएसटी नंबर टाकूनच बिल करायला सांगा, इनपुट क्रेडिट मिळेल (भरलेला कर वळता होईल). "बिलाशिवाय हजार कमी" ऐकून भुललात तर वॉरंटीही गेली आणि क्रेडिटही गेलं.

पिक्सेलपांडू | गुरुवार, दुपारी १.२५

लग्नवाल्यांसाठी एक बारीक पण कामाची गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची. म्हणून हॉलमधल्या दिव्यांची फडफड टाळायला आपण सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करतो. मॉनिटर मात्र ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो. ६० ला २५ नं भाग जात नाही, म्हणून कुठली फ्रेम दोनदा, कुठली तीनदा, असं लंगडत चालतं. वरातीतला संथ पॅन अडखळतो आणि आपण गिंबलला (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्याला) दोष देतो. एडिटिंगच्या वेळी विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ५० ला टाका, बहुतेक मॉनिटर घेतात. १०० हर्ट्झवाला मिळाला तर आणखी छान, प्रत्येक फ्रेम नेमकी चारदा.

केबलचंही बघा. ४के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं. १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झ मिळतं, तेव्हा माऊसचा बाण काकवीतून ओढल्यासारखा चालतो. लॅपटॉप, मॉनिटर आणि केबल, तिघांत सगळ्यात जुना जो असेल तोच वेग ठरवतो.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ११.३०

पोपटी भिंत सोडून सगळं लिहून घेतलं. रविवारी पुण्याला जातोय. पेनड्राइव्हवर काय नेऊ?

तिरफळ | गुरुवार, रात्री ११.४४

दुकानातला मोर आणि आफ्रिकेतली फुलपाखरं बघू नका, ते कुठल्याही पडद्यावर छान दिसतात. तुमचंच न्या. तो कावीळवाला हळदीचा क्लिप, ग्रेड न केलेला. एखादा रात्रीचा वरातीचा, काळे कोट असलेला. एक नुसती करडी फ्रेम, कोपऱ्यात डाग आहेत का बघायला. आणि तुमचं टायटल.

ऑनलाइन घेणार असाल तर खोकं फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा. एखादा पिक्सेल मेलेला असेल तर कंपन्या ठरावीक संख्येपर्यंत बदलून देत नाहीत, नियम आधी वाचा.

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.१०

मंडळी, उशीर झाला, सीझन चालू झाला. वृत्तांत देतो.

पुण्यात तीन दुकानं झाली. पहिल्यानं पेनड्राइव्ह लावायलाच नकार दिला, "व्हायरस येतो" म्हणाला. दुसऱ्या दुकानातल्या पोरानं मात्र मन लावून दाखवलं. ३४ इंची वक्र आणि २७ इंची ४के शेजारी शेजारी, एकाच लॅपटॉपवरून. अर्धाकप, खरं सांगतो, ३४ समोर बसल्यावर पाच मिनिटं मी हरलो होतो. टाइमलाइन अशी पसरली की वाटलं आता सगळी लग्नं आपलीच. मग वरातीचा क्लिप लावला. तिरफळताई म्हणाल्या तशी शेपटी नव्हती, थोडी होती, शोधावी लागत होती. पण टायटल लावलं. तो पोरगाच म्हणाला, "सर, कांवर टिंब नाहीये." तो २७ कडं बघत होता. मी ३४ कडं बघत होतो आणि मला तेव्हाही दिसलं नव्हतं.

घेतला. एलजीचा २७ इंची ४के आयपीएस, ३२,८०० ला, जीएसटी नंबरसकट बिल. ३२ इंचीही बघितला, पण दोन फुटी टेबलावर मान डावी-उजवी करावी लागत होती.

घरी आल्यावर पहिला तास रडलो. पडदा दर दोन मिनिटांनी काळा होऊन परत यायचा. वाटलं फसलो. मग आठवलं की केबल जुन्या सेट-टॉप बॉक्सची लावलीय. खोक्यातली लावली आणि गप्प झाला. पांडूदादा, काकवीचाही अनुभव घेतला, जुन्या केबलनं ३० हर्ट्झवर बिनतक्रार चालत होता.

स्केलिंग १५० टक्के ठेवलंय, अक्षरं नेमकी वाटतात. रिफ्रेश ५० ला. एसआरजीबी मोडमध्ये ठेवला तर ब्राइटनेस हलवता येईना, कुलूप लागल्यासारखं. ठरलेला ब्राइटनेस दिवसा ठीक, रात्री जरा जास्त. कोल्हापूरच्या दोघा फोटोग्राफर मित्रांबरोबर वर्गणी काढून कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) घ्यायचं चाललंय, मग कस्टम मोडमध्येच सगळं बसवीन. जुना मॉनिटर डावीकडं उभा केलाय, त्याच्यावर फक्त बिन. रंगाचं काही त्याला विचारत नाही.

हळदीचं प्रोजेक्ट परत उघडलं. काका, लाज वाटली. सॅच्युरेशन ७२ वर नेऊन ठेवलं होतं मी. मुळात ५० असतं. ५३ ला आणून थांबलो, मांडवाच्या पिवळ्या कापडाचा चेहऱ्यावर पडलेला रंग जरा काढला, आणि मामांना नवीन पेनड्राइव्ह दिला.

अर्धाकप | रविवार, रात्री ९.३२

अभिनंदन! हरलेली पाच मिनिटं मी माझ्या खात्यावर जमा धरतो. मामा काय म्हणाले?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९.४०

"आता बरी झाली पोरगी."

जुनी_रीळ | रविवार, रात्री ९.५५

छान केलंत. भिंत?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०.०२

वडील म्हणतात रंग दोन वर्षांपूर्वीच दिलाय, दिवाळीशिवाय हात लावू देणार नाही. सध्या पासपोर्ट फोटोचा करडा पडदा मागं खिळ्यांवर अडकवलाय. कुणी फोटो काढायला आलं की काम थांबवून तो काढून द्यावा लागतो.